गोल्फवीर बॉबी जोन्स

गोल्फ हा खेळ आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. तो मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील क्लबांत तो सर्वांत जुना समजला जातो. तरीही सामान्य घरातील मुलांपर्यंत हा खेळ आपल्याकडे फारसा पोहोचला नाही, म्हणून त्याचे स्वरूप आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो, तशी गल येथे हिरवळीवर केलेली असते. मात्र ती शेकडो यार्ड दूर असते. काठीने लहानसा कठीण चेंडू टोलवीत न्यावयाचा व त्या गलीत घालावयाचा, अशा अठरा गली पुऱ्या करावयाच्या, आणि ज्यास सर्वांत कमी टोले लागतील तो विजयी. वाटेत वाळूचे खड्डे, ओढे, उंच गवत ही असावयाचीच. उत्तम खेळाडूस प्रत्येक गलीसाठी किती टोले लागावेत हे ठरलेले असते. त्या संख्येस पार म्हणतात. या खेळात आपला चेंडू अडविण्यास समोर कोणी उभा नसतो. तेव्हा टोला चुकला तर राग काढावयाचा तो कोणावर, हा मोठाच प्रश्न असतो. आणि आमच्या चरित्रनायकाच्या आयुष्याची पहिली वीस वर्षे हाच प्रश्न सोडविण्यात गेली.

रॉबर्ट टायर जोन्स याचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी जॉर्जियातील अटलांटा शहरी झाला. सर्व जग त्यास बॉबी या नावाने ओळखते. वडील वकील होते. आजोबांचेही नाव रॉबर्ट टायर जोन्स. ते कँटन गावचे कापडगिरणीवाले, कडक शिस्तीचे धर्मनिष्ठ बॅप्टिस्ट गृहस्थ. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असे त्यांचे मत होते. त्यांच्या मुलास, म्हणजे बॉबीच्या वडिलांस, बेसबॉल उत्तम येत असे व एका नामांकित संघाने त्यांस बोलावलेही होते. परंतु आजोबांनी नकार दिला आणि तो विषय तेथेच संपला. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत असे करावयाचे नाही, असा निश्चय त्या तरुण वकिलाने केला असावा. कारण पुढे बॉबीस त्यांनी कधी खेळापासून रोखले नाही; आणि, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, कधी खेळासाठी दामटलेही नाही.

मूल अतिशय अशक्त होते. पाच वर्षांचा होईपर्यंत त्यास घट्ट अन्न पचत नसे, आणि तो जगतो की नाही याची आईबापांस सतत धास्ती असे. मोकळी हवा मिळावी म्हणून ते कुटुंब उन्हाळ्यात गावाबाहेर ईस्ट लेक येथे राहावयास गेले. तेथे गोल्फचे मैदान होते. एका स्नेह्याने जुनी काठी कापून आखूड करून बॉबीच्या हाती दिली, आणि घरासमोरच्या मातीच्या रस्त्यावर व खड्ड्यात त्या मुलाचा खेळ सुरू झाला. पद्धतशीर शिक्षण त्यास कोणी दिले नाही. क्लबात स्ट्युअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश शिक्षक होता. मितभाषी, आपल्या कामाशी काम ठेवणारा. बॉबी त्याच्या मागे मागे हिंडे, तो टोला कसा मारतो हे पाहत राही, आणि घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करी. पाहून शिकणे हा शिक्षणाचा किती मोठा भाग आहे, हे आम्हां शिक्षकांस कित्येकदा विसरावयास होते.

सहा वर्षांचा असताना मुलांच्या एका सामन्यात त्यास तीन इंचांचा चांदीचा पेला मिळाला. खरी जिंकली होती ॲलेक्सा स्टर्लिंग ही मुलगी, असे बॉबीने मोठेपणी मोकळ्या मनाने सांगितले. हीच ॲलेक्सा पुढे अमेरिकेतील स्त्रियांच्या अजिंक्यपदाची तीनदा मानकरी झाली.

येथवर सर्व आनंदाचे होते. १९१६ साली, चौदाव्या वर्षी, जॉर्जियाची स्पर्धा जिंकून बॉबी फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथे हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेस गेला. एवढासा पोरगा मोठमोठ्यांस हरवीत तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला हे पाहून वर्तमानपत्रे त्याच्या स्तुतीने भरून गेली. आमच्या मते दुःखाचा आरंभ येथूनच झाला. आता प्रत्येक टोल्यावर हजारो डोळे लागले. जे सहज होत असे ते करून दाखवावे लागले. टोला चुकला की त्याच्या तोंडून अपशब्द निघत, काठी हवेत भिरकावली जाई. महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या मदतीसाठी त्याने गावोगाव प्रदर्शनी सामने खेळून मोठी रक्कम मिळवून दिली, हे सत्कार्यच. पण त्या सामन्यांतही तो काठ्या फेकीतच होता.

१९२० सालची एक गमतीची हकीकत आहे. खुल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याची जोडी पडली ती इंग्लंडच्या हॅरी व्हार्डन यांच्याशी. व्हार्डन त्या वेळी पन्नाशीचे, या खेळातील पितामहच म्हणा ना. ते खेळताना बोलत नसत. बॉबीचा एक साधा टोला फसून चेंडू हिरवळीच्या पार पलीकडे गेला. ओशाळलेल्या मुलाने शांतता मोडण्यासाठी विचारले की, याहून वाईट टोला आपण कधी पाहिला आहे काय? म्हाताऱ्याने एका शब्दात नकारार्थी उत्तर दिले आणि ते पुढे चालू लागले. बॉबीने ही गोष्ट आयुष्यभर हसत सांगितली. त्या दिवशी मात्र त्यास हसू आले नसावे.

पुढील वर्षी तो स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज येथे गेला. गोल्फचे ते काशीक्षेत्र. जुने मैदान समुद्राकाठचे, उंचसखल, वाऱ्याच्या तोंडी असलेले. पहिल्या भेटीत एकोणीस वर्षांच्या बॉबीस त्याचा अगदी तिटकारा आला. ब्रिटिश खुल्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ गलींस त्याला ४६ टोले लागले. दहावीस सहा. अकरावीपाशी चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला, आणि काही केल्या बाहेर येईना. तेव्हा बॉबीने चेंडू उचलून घेतला आणि गुणांची पत्रिका फाडून टाकली असे सांगतात. भर स्पर्धेत, हजारो लोकांसमक्ष, त्याने खेळ सोडला. उरलेल्या गली तो खेळला, पण त्यांची गणना होणार नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुई येथे त्याने रागाने फेकलेली काठी उसळून प्रेक्षकांतील एका बाईच्या पायास लागली. राष्ट्रीय संघटनेने कडक पत्र पाठविले: संताप आवरता येत नसेल तर यापुढे आमच्या स्पर्धांत खेळू नये, असा त्याचा मतलब होता.

या पत्राचा परिणाम झाला. काठ्या फेकणे थांबले. परंतु राग गिळून टाकला म्हणजे आनंद परत येतो असे नाही. १९१६ ते १९२२ या सात वर्षांत तो दहा मोठ्या स्पर्धा खेळला व एकही जिंकला नाही. सगळे म्हणत की, याच्याइतका सुंदर खेळ कोणाचाच नाही. मग हा जिंकत का नाही? बॉबीही स्वतःस हेच विचारी. १९२२ साली त्याने जॉर्जिया येथील तंत्रशाळेची यंत्रविद्येची पदवी घेतली, आणि हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करण्यास तो गेला. तेथील संघात खेळण्यास तो नियमाने अपात्र ठरला, कारण आधीच्या कॉलेजाकडून तो खेळला होता. तेव्हा या जगप्रसिद्ध खेळाडूने त्या संघाचे साहाय्यक व्यवस्थापकपद पत्करले! खेळ मागे पडला, पुस्तके पुढे आली. मोठ्या सामन्यांतून अंग काढून घ्यावे, हा विचार मनात घोळू लागला.

अशा मनःस्थितीत तो १९२३ च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ इनवुड येथे खुल्या राष्ट्रीय स्पर्धेस उतरला. अखेरच्या फेरीत तो पुढे होता. पण शेवटच्या तीन गलींत त्याने चार टोले वाया घालविले, आणि बॉबी क्रुकशँक या चिवट स्कॉटिश खेळाडूने बरोबरी साधली. दुसऱ्या दिवशी दोघांची पुन्हा अठरा गलींची झुंज. सतरा झाल्या, तरी दोघे बरोबरच. अठराव्या गलीपुढे पाणी होते. बॉबीचा चेंडू सैल मातीत, हिरवळीपासून सुमारे १९० यार्डांवर. सावधपणे अलीकडे टाकावा, की पाण्यावरून नेण्याचे धाडस करावे? पाहणारे सांगतात की, त्याने क्षणाचाही विलंब केला नाही. काठी उचलली आणि टोला मारला. चेंडू पाणी ओलांडून गलीपासून काही फुटांवर थांबला. ७६ विरुद्ध ७८ टोल्यांनी तो जिंकला.

बॉबीचा मित्र व पत्रकार ओ. बी. कीलर याने या चरित्राचे सात दुष्काळाची व सात सुकाळाची वर्षे असे दोन भाग पाडले. फारोच्या स्वप्नाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहेच. भेद इतकाच की, तेथे पुष्ट गाई आधी आल्या व रोड मागून, येथे क्रम उलटा झाला. येथून पुढे आम्ही त्यांस जोन्स म्हणू.

हा बदल कसा झाला? जोन्स यांनी पुढे स्वतः त्याचा उलगडा केला. समोरच्या माणसाशी खेळणे त्यांनी सोडले व पारशी खेळणे सुरू केले. पार हा जणू एक म्हातारा आहे. तो कधी अचाट टोला मारीत नाही, आणि कधी खड्ड्यातही पडत नाही. त्याच्याबरोबर धीराने चालत राहिले तर इतर लोक आपोआप मागे पडतात. रागीट मुलास सोबती मिळाला तो असा, ज्याच्यावर रागावताच येत नाही.

विजयांची यादी देऊन आम्ही वाचकांस शिणवीत नाही. १९२३ ते १९३० पर्यंत ते २१ मोठ्या स्पर्धा खेळले व त्यांतील १३ त्यांनी जिंकल्या. हे सर्व एक पैसा न घेता, हौशी खेळाडू म्हणून. त्याच काळात, १९२४ साली, हार्वर्डची पदवी मिळाली व मेरी मॅलोन यांच्याशी विवाह झाला. कायद्याची परीक्षा उतरून ते वडिलांच्या कचेरीत काम करू लागले.

परंतु एक पराभव सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२५ साली वुस्टर येथील खुल्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, उंच गवतातील चेंडूवर काठी धरताना तो किंचित हलला असे जोन्स यांस वाटले. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. पंचांनी चौकशी केली, जोडीदारास विचारले; कोणासच काही दिसले नव्हते. जोन्स यांनी स्वतःवर एका टोल्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅक्फार्लेन यांच्याशी बरोबरी झाली व पुन्हा झालेल्या खेळात जोन्स एका टोल्याने हरले. तो दंड नसता तर पुन्हा खेळण्याचीही गरज नव्हती. लोकांनी वाहवा केली तेव्हा ते चिडलेच. बँकेवर दरोडा घातला नाही म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटतो काय, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

आता दुसरी बाजू. बाहेरून सुकाळ दिसत होता, आत काय चालले होते? स्पर्धेच्या दिवसांत त्यांच्या पोटात अन्न ठरत नसे. एकेका स्पर्धेत त्यांचे वजन दहा पौंडांहून अधिक उतरे. १९२६ साली कोलंबस येथे खुली स्पर्धा जिंकण्याच्या दिवशी खेळ संपवून ते हॉटेलातील खोलीत गेले आणि आईसमोर त्यांना रडू कोसळले. चोवीस वर्षांचा पुरुष, काही दिवसांपूर्वीच इंग्लंडची स्पर्धा जिंकून आलेला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून ज्याची मिरवणूक निघाली होती, तो! काठ्या फेकणारा मुलगा गेला खरा, पण ते सारे आता आत वळले होते. अजिंक्यपद हा एक पिंजरा आहे, असे त्यांनी पुढे लिहिले. आधी आत शिरा म्हणून लोक आग्रह धरतात, आणि शिरल्यावर आतच राहावे अशी अपेक्षा करतात. हुशार म्हणून नाव निघालेल्या मुलाच्या आईबापांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. दर परीक्षेस पहिला नंबर आणणाऱ्या किती मुलांस त्या विषयाची गोडी शिल्लक राहिलेली असते, हे त्यांस कोणी विचारीत नाही.

१९३० साली जोन्स यांनी मनाशी एक बेत केला आणि तो बहुधा कोणास सांगितला नाही. मे महिन्यात सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी स्पर्धा, जूनमध्ये हॉयलेक येथे ब्रिटिश खुली, जुलैत मिनिआपोलिसजवळ भयंकर उकाड्यात अमेरिकेची खुली, आणि सप्टेंबरात अमेरिकेची हौशी: चारही स्पर्धा एकाच वर्षी त्यांनी जिंकल्या. तोवर कोणी असे केले नव्हते. मिनिआपोलिसच्या उन्हात गळ्यातील टाय घामाने इतका आवळला की गाठ सुटेना. कीलरने चाकूने तो कापून काढला. चौथी स्पर्धा मेरियन येथेच झाली, जेथे चौदा वर्षांपूर्वी चौदा वर्षांचा मुलगा म्हणून ते प्रथम उतरले होते. गर्दी इतकी की नौसैनिकांनी त्यांच्याभोवती कडे केले.

सात आठवड्यांनी, १७ नोव्हेंबर रोजी, त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली. वय अवघे २८. लोक चकित झाले. चांगला डाव चालू असता कोणी उठून जातो काय? जोन्स यांस ठाऊक होते की, डाव चांगला असला तरी खेळ उरलेला नाही. त्यांनी चित्रपट कंपनीसाठी गोल्फ शिकविणारे छोटे बोलपट काढले, त्यांचे पैसे उघडपणे घेतले, आणि हौशी खेळाडू हा हक्क स्वतःहून सोडला. मग त्यांनी आनंद शोधण्याचे काम हाती घेतले. आम्ही काम म्हणतो ते जाणूनबुजून. कारण तो आपोआप परतला नाही.

अडचण अशी होती की, ईस्ट लेक येथे मित्रांबरोबर सहज खेळावयास उतरले तरी बघ्यांची झुंबड उडे. जेथे कोणी पाहणार नाही असे मैदान हवे होते. ऑगस्टा शहराजवळ ३६५ एकरांची फळझाडांची व फुलझाडांची एक जुनी बाग विकाऊ होती. बर्कमन्स नावाच्या बेल्जियन कुटुंबाने ती पूर्वी जोपासली होती. क्लिफर्ड रॉबर्ट्स या मित्राने पैशांची जुळवाजुळव केली, तीही मंदीच्या दिवसांत. आखणीसाठी जोन्स यांनी ॲलिस्टर मॅकेन्झी यांस बोलाविले. हे गृहस्थ शिक्षणाने डॉक्टर, धंद्याने मैदानांचे शिल्पकार. १९२९ साली कॅलिफोर्नियात जोन्स पहिल्याच फेरीत हरले, आणि मोकळा वेळ मिळाल्यामुळे जवळचे मॅकेन्झींचे मैदान खेळून पाहिले. ते त्यांस इतके आवडले की या भेटीतून ऑगस्टाची भागीदारी उपजली. त्या पराभवाचे हे फळ.

मैदान आखताना धोरण असे की, साधारण खेळाडूसही तेथे मजा वाटावी. उंच गवत जवळजवळ नाही, वाटा रुंद, वाळूचे खड्डे अगदी थोडे. मात्र निष्णात खेळाडूस विचार करावा लागेल अशी हिरवळीची घडण. प्रत्येक गलीस एकेका झाडाचे वा फुलाचे नाव. १९३३ च्या आरंभी क्लबाचे उद्घाटन झाले. १९३४ च्या मार्चमध्ये जोन्स यांनी जुन्या सोबत्यांस सामन्याचे निमंत्रण दिले. मॅकेन्झी दोन महिने आधीच वारले होते. यजमान स्वतःही खेळले व तेरावे आले. याहून वरचा क्रमांक त्यांस त्या स्पर्धेत पुढेही कधी मिळाला नाही. तरी १९४८ पर्यंत ते दर वर्षी हौसेने उतरत. मास्टर्स हे आज जगप्रसिद्ध असलेले नाव त्यांस बढाईखोर वाटे, आणि १९३९ पर्यंत त्यांनी ते अधिकृत होऊ दिले नाही.

सत्य सांगावयाचे तर याच बागेस एक काटेरी कुंपणही होते. तेथे काठ्या वाहणारे सारे कृष्णवर्णीय, आणि सभासद सारे गोरे. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये व पहिल्या स्त्रिया २०१२ मध्ये घेण्यात आल्या. अटलांटातील ज्या नगरपालिकेच्या मैदानास बॉबी जोन्स यांचे नाव दिले होते, तेथून १९५१ साली डॉक्टर होम्स या कृष्णवर्णीय गृहस्थास मुलांसह परत पाठविण्यात आले. त्यांनी दावा लावला, आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. या भिंतींविरुद्ध उभे राहिलेल्यांत जोन्स यांचे नाव येत नाही. न दिसलेल्या चेंडूच्या हालचालीवर स्वतःस दंड लावणाऱ्या पुरुषाकडून आम्ही अधिक अपेक्षा केली असती.

दुसऱ्या महायुद्धात चाळिशी उलटूनही ते हवाईदलात दाखल झाले व १९४४ साली नॉर्मंडीत उतरले. त्या काळात ऑगस्टाच्या मैदानावर गुरे चरत होती. युद्ध संपल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, पण दैवाने तो फार दिवस चालू दिला नाही. मानेत वेदना, हातापायांत बधिरता. १९४८ च्या ऑगस्टात ईस्ट लेक येथे ते अखेरचे खेळले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोकळी होऊन नसा निकामी होत जाणारा असाध्य रोग जडला होता, याचे पक्के निदान १९५६ साली झाले. प्रथम काठी, मग कुबड्या, मग चाकांची खुर्ची. बोटे वळेनात तेव्हा रबरी चेंडूत लेखणी खोवून ते सही करीत. कचेरीत जात, पत्रांस उत्तरे देत. १९६० साली गोल्फवर एक सुरेख पुस्तकही त्यांनी लिहिले. रोगाविषयी कोणी कळवळून बोलू लागले तर विषय बदलीत.

सेंट अँड्र्यूजचे काय झाले हे सांगावयाचे राहिले. ज्या मैदानाचा त्यांस तिटकारा आला होता, तेथे पाय ठेवण्यासाठी ते पुनः पुन्हा गेले. १९२७ मध्ये तेथे ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली तेव्हा लोकांनी त्यांस खांद्यावर घेतले, आणि जोन्स यांनी तो करंडक तेथील क्लबाच्याच स्वाधीन केला. १९५८ च्या ऑक्टोबरात ते अमेरिकन हौशी संघाचे कप्तान म्हणून पुन्हा गेले, ते चालता येत नसताना. नगराने त्यांस आपले सन्माननीय नागरिकत्व दिले. हा मान त्यापूर्वी एकाच अमेरिकनास, १७५९ साली बेंजामिन फ्रँकलिन यांस, मिळाला होता. सभागृहात जोन्स यांनी लिहून आणलेले भाषण बाजूस ठेवले आणि मनातले बोलले. आयुष्यातून सेंट अँड्र्यूज सोडून बाकी सर्व काढून घेतले तरी ते आयुष्य भरलेलेच राहील, असा भाव होता. समारंभ संपून त्यांची विजेची गाडी दारांकडे निघाली, तेव्हा कोणी तरी परत न येणाऱ्या प्रियजनाचे जुने स्कॉटिश गीत म्हणू लागले, आणि सारे सभागृह त्यात सामील झाले.

१८ डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, अटलांटा येथे त्यांचे देहावसान झाले. मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी पत्नीचा रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला होता. सेंट अँड्र्यूज येथे वार्ता पोहोचताच खेळ थांबला व निशाण अर्ध्यावर उतरविण्यात आले. पुढील वर्षी जुन्या मैदानावरील दहाव्या गलीस, जिला तोवर नाव नव्हते, बॉबी जोन्स हे नाव देण्यात आले. ती पुरी करून खेळाडू जेथे जातो, ती अकरावी.